आधी रचना, मग औषध

स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगाशी ज्या घराची गाठ पडते, तिथे ‘पॅक्लिटॅक्सेल’ हा शब्द फार लवकर सवयीचा होतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ‘आयरिनोटेकॅन’चं तसंच. किमोच्या फाइलवर, औषधांच्या बिलावर, सलाईनच्या बाटलीवरच्या पट्टीवर ही नावं दिसत राहतात. या दोन्ही औषधांचा माग काढत मागे गेलं, तर आपण अमेरिकेतल्या एकाच प्रयोगशाळेत पोचतो. तिथे काम करणाऱ्या दोघा प्रमुख रसायनशास्त्रज्ञांपैकी एक निघतो आपल्या खानदेशातला. मनसुख वाणी, जन्म नंदुरबारचा, २० फेब्रुवारी १९२५.

कर्करोगावरच्या औषधांचं एक घराणं ज्याच्या हातून सुरू झालं, असे संशोधक मोजकेच. वाणी आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी मन्रो वॉल यांच्या हातून अशी दोन घराणी सुरू झाली. पण शोध लागला आणि रुग्ण बरे होऊ लागले, असं काही घडलं नाही. एक रेणू माणसांवरच्या चाचणीत नापास होऊन बाजूला पडला. दुसऱ्याकडे कित्येक वर्षं कोणी आस्थेनं पाहिलंच नाही. दोन्ही परतले ते इतरांच्या शोधांमुळे, पण त्यांना परतायला जागा होती ती वाणी-वॉल यांनी रेणूची रचना अचूक लावून ठेवली होती म्हणून.

मुंबईहून नॉर्थ कॅरोलायनाला

वाणींनी मुंबई विद्यापीठातून १९४७ मध्ये बी.एस्सी. आणि १९५० मध्ये एम.एस्सी. केलं. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात पीएच.डी. झाली आणि १९६२ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. संस्था तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षांची होती. वनस्पतिज द्रव्यांचा विभाग वॉल यांनी १९६० मध्ये तिथे नव्यानं उभा केला होता.

वॉल त्याआधी फिलाडेल्फियाजवळ अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत होते. कॉर्टिसोन बनवायला लागणारी स्टेरॉइड कोणत्या झाडांत मिळतात, हे शोधायचं त्यांचं काम. त्यासाठी हजारो वनस्पतींचे अर्क तयार झाले होते. राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे जोनाथन हार्टवेल यांनी त्यातले काही तपासणीसाठी मागितले, तेव्हा वॉल यांनी सुमारे हजार अर्क पाठवून दिले. त्यात कॅम्प्टोथेका अ‍ॅक्युमिनाटा या मूळच्या चिनी झाडाचा अर्क होता. ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर त्यानं लक्षणीय परिणाम दाखवला. कृषी खात्याच्या कामात कर्करोगाला जागा नव्हती. वॉल नव्या संस्थेत आले ते हे झाड डोक्यात ठेवूनच.

त्यांची कामाची रीत सांगायला सोपी आहे, करायला किचकट. झाडाच्या अर्कात शेकडो द्रव्यं असतात. वेगवेगळे द्रावक वापरून त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पेशींवर किंवा उंदरांवर तपासायचा, ज्यात गुण दिसेल तो ठेवून बाकीचे सोडायचे, आणि राहिलेल्याचे पुन्हा भाग पाडायचे. कोणतं द्रव्य सापडणार याचा अंदाज बांधायचा नाही, चाचणी सांगेल त्या दिशेनं जायचं. चाचण्या बाहेर होत असल्यानं एकेका अहवालाची वाट पाहावी लागे. या वाटेनं १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन शुद्ध रूपात हाती आलं आणि त्याची पाच वलयांची रचना प्रसिद्ध झाली. त्यातलं एक वलय लॅक्टोनचं आहे. पुढच्या हकीकतीत त्याचं काम पडणार आहे.

बारा किलोतून अर्धा ग्रॅम

ऑगस्ट १९६२ मध्ये कृषी खात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या गिफर्ड पिंशो राष्ट्रीय वनात पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा केली. कर्करोग संस्थेसाठी वनस्पती तपासण्याची जी मोठी मोहीम चालू होती, तिच्यातला हा एक साधा नमुना. १९८१ मध्ये ती मोहीम थांबेपर्यंत सुमारे ३५ हजार जातींच्या वनस्पती तपासून झाल्या. या सालीचा अर्क प्रयोगशाळेतल्या कर्कपेशी मारतो, असं १९६४ मध्ये दिसलं. कॅम्प्टोथेकाचा अर्कही अशाच पेशींवर जहाल ठरला होता, हे वॉल यांच्या लक्षात होतं. तशा वनस्पती आमच्याकडे पाठवा, असा आग्रह त्यांनी धरला होता. त्यामुळे यूची साल त्यांच्याकडे आली.

बारा किलो वाळलेल्या सालीतून शेवटी हाती लागलं अर्धा ग्रॅम द्रव्य. वॉल यांनी १९६७ मध्ये त्याचं टॅक्सॉल हे नाव जाहीर केलं. हेच पुढचं पॅक्लिटॅक्सेल. पण रेणू होता अवाढव्य. कार्बनचेच ४७ अणू, आणि आजच्यासारखी प्रगत उपकरणं हाताशी नाहीत. क्ष-किरणांनी रचना वाचावी, तर त्यासाठी लागणारे स्फटिक मिळेनात. तेव्हा वाणींनी रेणू तोडायचा ठरवला, पण अगदी हलक्या हातानं. सौम्य रासायनिक क्रियेनं त्याचे दोन मुख्य तुकडे झाले, एक मोठा गाभा आणि एक लहान बाजूसाखळी. दोन्ही तुकड्यांना आयोडीन आणि ब्रोमीनसारखे जड अणू जोडून स्फटिक बनवले. ड्यूक विद्यापीठाच्या अँड्र्यू मॅक्फेल यांनी ते क्ष-किरणांनी वाचले. मग साखळी गाभ्याच्या नेमक्या कोणत्या कार्बनला जोडलेली आहे, तेवढं कोडं उरलं. ती तेराव्या कार्बनला आहे, हे सिद्ध करून १९७१ मध्ये शोधनिबंध छापला गेला. पहिलं नाव वाणींचं होतं.

दोन्ही रेणू अडगळीत

कॅम्प्टोथेसिनच्या माणसांवरच्या चाचण्या १९७०च्या सुमाराला सुरू झाल्या. ते पाण्यात विरघळत नाही. शिरेतून देता यावं म्हणून त्याचा सोडियम क्षार वापरला गेला. क्षार करताना ते लॅक्टोनचं वलय उघडतं, आणि वलय उघडलं की औषधाचा जोर बराच ओसरतो. गुण कमी आणि त्रास जास्त, अशी अवस्था झाली. रुग्णांना मूत्राशयाचा रक्तस्राव होऊ लागला आणि चाचण्या थांबल्या.

टॅक्सॉलची तऱ्हा वेगळी होती. तेही पाण्यात विरघळेना, उंदरांच्या ल्युकेमियावर परिणाम बेताचाच, आणि ते मिळवायला झाडं सोलावी लागणार. १९७०च्या दशकाच्या मध्यावर उंदरांच्या मेलानोमावर त्यानं चांगला गुण दाखवला, तेव्हा कुठे १९७७ मध्ये कर्करोग संस्थेनं त्याचा औषध म्हणून विकास करायचं ठरवलं.

मग न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये टॅक्सॉलचं काम कसं चालतं ते दाखवलं. पेशी विभागताना आत सूक्ष्मनलिकांचा सांगाडा उभा राहतो, गुणसूत्रं दोन बाजूंना नेतो आणि काम झालं की उतरवला जातो, कार्य उरकल्यावर मांडवाचे बांबू काढावेत तसा. तोवर माहीत असलेली औषधं हा मांडव उभाच राहू देत नसत. टॅक्सॉल तो उतरवू देत नाही. पेशी विभाजनाच्या मधेच अडकते आणि मरते. अशा रीतीनं काम करणारं दुसरं औषध तेव्हा ठाऊक नव्हतं.

कॅम्प्टोथेसिनचे दिवस फिरले ते १९८५ मध्ये. पेशीतल्या डीएनएचा पीळ सैल करण्यासाठी टोपोआयसोमरेज-एक हे विकर त्याचा एक धागा कापतं आणि लगेच परत जोडतं. लेरॉय लिऊ यांच्या गटानं दाखवलं, की कॅम्प्टोथेसिन नेमकं इथे बसतं आणि कापलेला धागा जोडू देत नाही. लक्ष्य कळलं, रेणूची रचना वीस वर्षांपूर्वीच कळलेली होती. आता वलय शाबूत ठेवून रेणू पाण्यात विरघळणारा कसा करायचा, एवढाच प्रश्न होता. अशा बदलांतून आलेली टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन ही दोन्ही औषधं अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाली. म्हणजे रचना कळल्यावर तीस वर्षांनी.

दरम्यान वाणी-वॉल हातावर हात धरून बसले नव्हते. कॅम्प्टोथेसिनचे अनेक भाऊबंद त्यांनी बनवले आणि रेणूच्या कोणत्या जागी काय बदललं तर गुण वाढतो, याचा अभ्यास केला. त्यातलं नऊ-अमिनो-कॅम्प्टोथेसिन माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं, पण औषध होऊ शकलं नाही.

साल, सुया आणि मक्तेदारी

टॅक्सॉलच्या माणसांवरच्या चाचण्या १९८४ मध्ये सुरू झाल्या. विरघळवण्यासाठी वापरलेल्या, एरंडेलापासून बनणाऱ्या द्रावकामुळे काही रुग्णांना जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन आली. सलाईन सावकाश सोडणं आणि आधी स्टेरॉइड व अ‍ॅलर्जीची औषधं देणं, हा तोडगा तेव्हाच निघाला. आजही पॅक्लिटॅक्सेलच्या आधी ती इंजेक्शनं दिली जातात. १९८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या विल्यम मॅक्ग्वायर यांनी निष्कर्ष मांडले. बाकीच्या औषधांना दाद न देणाऱ्या अंडाशयाच्या कर्करोगात सुमारे ३० टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या होत्या.

आता मागणी वाढली आणि जंगलाचा प्रश्न उभा राहिला. शंभर वर्षांच्या झाडाची साल सुमारे तीन किलो. तिच्यातून निघणारं द्रव्य जेमतेम एका डोसाचं. साल काढली की झाड मरतं. एकीकडे रुग्ण, दुसरीकडे जुनी जंगलं, आणि त्याच जंगलांत राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाच्या संरक्षणावरून आधीच पेटलेला वाद.

सुटका झाली ती युरोपी यूच्या सुयांसारख्या पानांनी. फ्रान्सच्या पिएर पोतिए यांनी या पानांतून टॅक्सॉलचा गाभा काढला. पानं खुडली तरी झाड जगतं, परत फुटतं. त्या गाभ्याला बाजूसाखळी जोडण्याची व्यवहार्य रीत फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या रॉबर्ट होल्टन यांनी बसवली. पोतिए यांच्या गटाच्या कामातून डोसिटॅक्सेल हे धाकटं भावंडही मिळालं. वाणींनी रेणू समजून घेण्यासाठी जिथे तोडला होता, बरोबर तिथेच या लोकांनी तो जोडला. तेराव्या कार्बनची ती जागा माहीत नसती, तर कोणता तुकडा कुठे जोडायचा हे कोणाला कळलं असतं?

टॅक्सॉलला अमेरिकी मंजुरी डिसेंबर १९९२ मध्ये मिळाली. मूळ रेणूची रचना १९७१ मध्येच सगळ्यांसाठी छापून झाली होती, त्यामुळे त्यावर पेटंट घेण्याची सोय उरली नव्हती. तरी औषध बाजारात आणणाऱ्या ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीला चाचण्यांच्या माहितीवर काही वर्षांचा एकाधिकार मिळाला, आणि वॉल यांनी ठेवलेलं टॅक्सॉल हे नावसुद्धा कंपनीची नोंदणीकृत मुद्रा झालं. औषधाला पॅक्लिटॅक्सेल हे नवं नाव घ्यावं लागलं. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २००३च्या अहवालानुसार कंपनीची या औषधाची विक्री २००२ पर्यंत सुमारे ९ अब्ज डॉलर झाली होती, आणि सरकारी आरोग्य संस्थेच्या वाट्याला स्वामित्वशुल्क म्हणून आले सुमारे ३.५ कोटी डॉलर. शोधाचा बराचसा खर्च करदात्यांनी केला होता.

सह्याद्रीतला नरक्या

या हकीकतीचा एक धागा आपल्या घाटांतही आहे. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवलं, की पश्चिम घाटातल्या एका उग्र वासाच्या झाडातही कॅम्प्टोथेसिन आहे. आपल्याकडे त्याला नरक्या म्हणतात. चिनी कॅम्प्टोथेकाशी त्याचं जवळचं नातं नाही, तरी द्रव्य तेच. औषधांना मंजुरी मिळून कच्च्या मालाला भाव आल्यावर या झाडावर कुऱ्हाड पडू लागली. चोरटी तोड आणि वाहतूक यांच्या बातम्या सह्याद्रीच्या पट्ट्यातून येत राहिल्या. हिमालयात थुनेर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यूच्या वाट्याला हेच आलं. अमेरिकेत जंगलावरचा ताण प्रयोगशाळेनं सोडवला. आपल्याकडे झाड कुठून आणि किती आणायचं, हे ठरवण्याआधीच बाजार जंगलात पोचला होता.

हिशेब

वॉल २००२ मध्ये गेले. त्याआधी, २००० मध्ये, दोघांना जनरल मोटर्स कर्करोग संशोधन प्रतिष्ठानचा केटरिंग पुरस्कार मिळाला. वाणी ११ एप्रिल २०२० रोजी ९५ व्या वर्षी वारले. त्याच महिन्यात अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगावरच्या सॅसिट्युझुमॅब गोविटेकॅन या औषधाला मंजुरी मिळाली. प्रतिपिंडाच्या पाठीवर विष बांधून ते थेट कर्कपेशीत पोचवायचं, अशी त्याची योजना. ते विष म्हणजे आयरिनोटेकॅनचं शरीरात बनणारं रूप, म्हणजे कॅम्प्टोथेसिनचाच वंशज. ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन या दुसऱ्या गाजलेल्या औषधातलं विषही त्याच घराण्यातलं. चाचणीत नापास झालेला रेणू सर्वांत नव्या औषधांत असा जिवंत आहे.

संशोधनाचं मोजमाप आपण हल्ली प्रकल्पाच्या मुदतीत करतो. तीन वर्षं, पाच वर्षं, मग ‘फलित काय’ हा रकाना. टॅक्सॉलला रचनेपासून मंजुरीपर्यंत २१ वर्षं लागली, कॅम्प्टोथेसिनला ३०. पाचव्या वर्षी विचारलं असतं, तर वाणींना त्या रकान्यात एका रेणूची रचना एवढंच लिहिता आलं असतं. ते लिहिणं पुरेसं मानणारी संस्था त्यांना लाभली आणि सरकारी पैसा वर्षानुवर्षं येत राहिला. नंदुरबारच्या मुलानं परदेशात नाव काढलं याचा अभिमान जरूर धरावा. पण आज आपल्या एखाद्या विद्यापीठात कोणी नरक्याच्या सालीचे भाग पाडत बसलं असेल, तर त्याचं अनुदान चौथ्या वर्षी बंद होऊ नये, याची व्यवस्था त्या अभिमानाहून अधिक उपयोगाची आहे.