नंबर तोच, दारू वेगळी

मागच्या व्याख्यानानंतर अमेरिकेतल्या एका श्रोत्यांनी प्रश्न पाठवला होता. ते हरणाच्या शिकारीला जातात आणि तिथल्या अनेकांसारखी रायफलीची काडतुसं घरी भरतात. म्हणजे वापरलेली पितळी पुंगळी घ्यायची, तिच्यात नवा प्रायमर, मोजून दारू आणि नवी गोळी बसवायची. (भारतात शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.) त्यांचा प्रश्न असा : पुस्तकात दिलेली दारू दुकानात मिळाली नाही, म्हणून ज्वलनवेगाच्या तक्त्यातली तिच्या शेजारची घेतली आणि वजन तेच ठेवलं, तर काय बिघडतं?

उत्तर एका वाक्यात द्यायचं तर, असं करू नका. आता ते का, हे बघू.

चुलीत एक किलोचा ओंडका घाला, आणि एक किलो बारीक ढलप्या घाला. लाकूड तेच, वजन तेच, पण ढलप्या भडकन पेटतात. रायफलीच्या दारूचंही तसंच आहे. दाण्याचा आकार, त्याला पाडलेलं छिद्र आणि जळणं मंदावण्यासाठी वर दिलेला लेप यांवर तिचा वेग ठरतो. शिवाय पुंगळी म्हणजे उघडी चूल नव्हे. बंद जागेत दाब वाढला की दारू आणखी वेगाने जळते, आणि त्यामुळे दाब आणखी वाढतो. थोडीशी वेगवान दारू असली, तर गोळी पुरेशी पुढे सरकायच्या आतच दाब शिगेला पोचतो. हा सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास होतो. त्यात पुंगळी फाटू शकते, रायफल फुटू शकते. आणि रायफल गालाला टेकवलेली असते, हे विसरू नका.

मग तक्ता काय सांगतो? फक्त क्रम. शर्यतीत कोण पहिला, कोण दुसरा एवढंच कळतं. दोघांत अंतर किती, हे कळत नाही. आणि काडतूस किंवा गोळीचं वजन बदललं की क्रमही बदलू शकतो.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ४८३१. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी २० मिलिमीटर तोफेसाठी बनलेली शिल्लक दारू विकत घेऊन शिकाऱ्यांना विकली. तीच एच ४८३१. पुढे ड्यू पाँ कंपनीने आयएमआर ४८३१ बाजारात आणली. आकडा तोच, पण ही दारू जास्त वेगवान. एच ४८३१ चं कमाल वजन हिच्यासाठी वापरलं, तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. २००३ मध्ये आयएमआर कंपनी हॉजडननेच विकत घेतली, तरी दारू वेगळ्या त्या वेगळ्याच.

कुणी म्हणेल, दाब मर्यादेत आहे ना, मग झालं! तसंही नाही. अमेरिकी लष्कराच्या एम १६ रायफलीचं काडतूस आधी आयएमआर ४४७५ या दांडीदार दाण्यांच्या दारूवर बेतलेलं होतं. १९६४ मध्ये गोल दाण्यांच्या डब्ल्यूसी ८४६ ला मंजुरी मिळाली. गोळीचा वेग आणि दाब, दोन्ही अटी तिने पाळल्या. पण रायफल जास्त वेगाने झडू लागली, आणि आत काजळीही जास्त साचू लागली. व्हिएतनाममध्ये ऐन लढाईत रायफली अडकल्या, सैनिकांचे जीव गेले. साफसफाईच्या साहित्याचा तुटवडा आणि क्रोमचा मुलामा न दिलेला चेंबर, हीही कारणं होतीच. तरी १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या इकॉर्ड उपसमितीने दारू बदलण्याच्या निर्णयावर कडक ठपका ठेवला.

अपवाद आहेत. हॉजडनची एच ४१४ आणि विंचेस्टर ७६० ही एकाच दारूची दोन नावं. पण हे डबा बघून ओळखता येत नाही. विकणाऱ्या कंपनीने सांगितलं म्हणून आपण ते मानतो.

तेव्हा नियम सोपा आहे. हातात जी दारू आहे, नेमक्या तिच्याच नावाचा आणि आपल्याच गोळीच्या वजनाचा छापील तक्ता शोधा, आणि त्यात दिलेल्या सर्वांत कमी वजनापासून सुरुवात करा. तसा तक्ता मिळाला नाही, तर डबा उघडू नका. एका मोसमाची शिकार बुडाली तर पुढचा मोसम येतो. डोळा गेला तर तो परत येत नाही.