रुग्णालयांतून अवेळीं घेतलेली सुट्टी

नांदेडजवळील विष्णुपुरीचें शासकीय रुग्णालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था हीं आसपासच्या खेड्यांतील रोग्यांचीं दोन मोठीं आश्रयस्थानें होत. अशा रुग्णालयांत रोगी बरा होण्यापूर्वींच कित्येकदां घरची माणसें सुट्टी मागतात. डॉक्टर नको म्हणतात; अखेर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध स्वखुशीनें नेत आहों’ असें केसपेपरावर लिहून सही घेतली जाते.

ही स्वखुशी कोणाची, हें पाहणें अगत्याचें आहे. सही पुष्कळदां मुलाची, नवऱ्याची किंवा दिराची असते. सोयाबीनची काढणी तोंडावर आलेली, गुरांकडे पाहणारें कोणी नाहीं, सोबतीस राहणाऱ्याचा रोज बुडतो. नांदेड जिल्ह्यांत २०१२ सालीं जीवनदायी योजना आली; २०१७ पासून ती महात्मा फुले यांच्या नांवें चालते. परंतु तिनें उपचाराचा खर्च भागला, तरी बुडालेला रोज भरून निघत नाहीं.

सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसास उपचार नाकारण्याचा अधिकार आहे; त्यास अडवून ठेवणें गैरच. पण तो अधिकार त्याचा स्वतःचा. एक ४४ वर्षांची स्त्री भुलीखालीं असतां केवळ तिच्या आईच्या संमतीनें तिचें गर्भाशय काढण्यांत आलें होतें. तिच्या जिवावर तत्काळ बेतलें नव्हतें. ती शस्त्रक्रिया सर्वोच्च न्यायालयानें १६ जानेवारी २००८ रोजीं अनधिकृत ठरविली. शस्त्रक्रियेस आईची सही पुरत नाहीं, तर सुट्टीस दिराची कशी पुरावी? बाजेवरच्या बाईस कोणी विचारलें काय? तेंही नातलगांस दूर ठेवून?

अर्भकाची गोष्ट याहून बिकट. काचेच्या पेटींत ठेवलेलें कमी वजनाचें मूल आईबाप घरीं नेऊं म्हणतात, तेव्हां ते स्वतःचा नव्हे, दुसऱ्याचा जीव पणास लावतात. येथें डॉक्टरांनीं सहज मान तुकवूं नये. प्रसंगीं जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जाण्याचाही मार्ग आहे. मात्र बळजोरीची वार्ता गांवांत पसरली, तर पुढचें मूल रुग्णालयाची पायरीच चढणार नाहीं, ही भीतिही खोटी नव्हे.

सही झाली म्हणजे डॉक्टरांचें कर्तव्य सरलें, असा समज कोठें कोठें दिसतो. रागानें औषधाची चिठ्ठीही न देणें ही निव्वळ शिक्षा होय. जाणाऱ्याच्या हातीं उरलेलीं औषधें द्यावींत, धोक्याचीं लक्षणें मराठींत लिहून द्यावींत, गांवाजवळच्या दवाखान्याच्या नांवें पत्र द्यावें. आणि काढणी उरकल्यावर परत यावयाचें झाल्यास कोणत्या वारीं, कोणत्या खोलींत यावें, हेंही त्याच कागदावर असावें.