मिसो : बुरशी, मीठ आणि मुरण्याचा काळ

आजारपणात, थंडीत किंवा नुसतं दमून घरी आल्यावर जपानी माणसाला मिसोचं गरम सूप हवं असतं. कोणत्या मिसोचं, हे मात्र तो कुठे वाढला त्यावर ठरतं. क्योतोत फिकट पिवळं आणि गोडसर, क्युशूत बहुधा जवाचं, तर नागोयाकडे जवळजवळ काळं आणि किंचित तुरट. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, तेव्हा मूळ सगळ्यांचं सोयाबीनच.

ही किमया ॲस्परजिलस ओरायझी या बुरशीची. वाफवलेल्या तांदळावर, जवावर किंवा थेट सोयाबीनवर ती वाढवली की 'कोजी' तयार होते. तिच्यातली विकरं पिष्टाची साखर करतात आणि प्रथिनं तोडून अमिनो आम्लं मोकळी करतात. त्यांतलं ग्लुटामिक आम्ल महत्त्वाचं. कोम्बू या समुद्री शैवालाच्या रश्श्याची चव त्याच्यामुळेच येते, हे किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये शोधलं आणि त्या चवीला 'उमामी' म्हटलं.

क्योतोच्या मिसोत तांदळाची कोजी भरपूर, मीठ पाच टक्क्यांच्या आसपास. साखर झटपट तयार होते आणि काही आठवड्यांतच मिसो खाण्याजोगं होतं. नववर्षाच्या झोनी सूपमध्ये हेच घालतात.

नागोयाजवळच्या ओकाझाकीत मात्र घाई चालत नाही. तिथल्या हाच्चो मिसोत तांदूळ नाही. फक्त सोयाबीन, मीठ आणि अगदी थोडं पाणी. सुमारे सहा टन मिसो मावेल अशा लाकडी पिंपावर नदीतल्या दगडांचा हातांनी रचलेला ढीग असतो, तोच तीनेक टनांचा. त्या दाबाने ओलावा सर्वत्र सारखा राहतो. दोन उन्हाळे, दोन हिवाळे ते मुरतं. तेवढ्या काळात अमिनो आम्लं आणि साखर यांच्यात मेलार्ड प्रक्रिया घडते. भाकरीवर तपकिरी डाग उठतात ते याच प्रक्रियेने, पण इथे विस्तव नसतो. इतर मिसोचा सुगंध उकळल्यावर उडतो, म्हणून ते शेवटी घालतात. हाच्चो मिसोत मात्र उदोनच्या जाड शेवया मातीच्या भांड्यात खुशाल रटरटत शिजवतात.

२०१७ मध्ये जपान सरकारने 'हाच्चो मिसो' या नावाला भौगोलिक मानांकन दिलं, ते आइची प्रांतातल्या उत्पादकांच्या संघटनेला. त्याच्या नियमांत पोलादी टाक्या आणि दोन वर्षांहून बरंच कमी मुरवणंही चालतं. ओकाझाकीतले दोन जुने कारखाने या मानांकनाबाहेर राहिले. दोन वर्षं दगडाखाली मुरलेलं आणि घाईने उरकलेलं मिसो एकाच नावाने विकू देणं मला साफ चुकीचं वाटतं.