नववा महिना : आधीच ठरवून ठेवा

पिशवी : ३६व्या आठवड्यापर्यंत भरून ठेवा. माता-बाल संरक्षण कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट, आधार कार्ड, बँक पासबुक. आईसाठी पुढून उघडणारे गाऊन, पॅड. बाळासाठी धुतलेली मऊ दुपटी, झबली, टोपडी.

गाडी : रात्री-अपरात्री कोण नेणार, हे नक्की करा. १०२ आणि १०८ या रुग्णवाहिकांचे क्रमांक दारामागे लिहून ठेवा. दुर्गम आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांजवळच्या ‘माहेरघरा’त आधीच राहायला जाता येतं, आशाताईंना विचारा.

खर्च : जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या आणि जेवण मोफत आहे. हा तुमचा हक्क आहे.

लगेच निघा : अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, झटके, बाळाची हालचाल मंदावणं. यात सकाळची वाट पाहू नका, कळांचीही नाही.

पहिला तास : बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवा आणि चिकाचं दूध पाजा. मध, गूळपाणी, घुटी काहीही नको. पहिली अंघोळ किमान २४ तासांनंतरच.