होड्या उशिरा आल्या, आणि मग?

नदी उतरायची तर उतार पाहावा लागतो आणि वेळही साधावी लागते. नदीकाठच्या माणसाला हे सांगायला नको. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) एका मोठ्या फौजेला याच गोष्टीची फार मोठी किंमत मोजावी लागली.

गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेची राज्ये फुटून निघाली होती. देश एक राहावा म्हणून उत्तर लढत होती. नोव्हेंबर १८६२ मध्ये उत्तरेचे सेनापती बर्नसाइड यांनी बेत केला, की फ्रेडरिक्सबर्ग गावापाशी रॅपाहॅनॉक नदी झटपट उतरायची आणि दक्षिणेची राजधानी रिचमंड गाठायची. १७ नोव्हेंबरला आघाडीची फौज काठावर पोहोचलीसुद्धा. समोर शत्रूचे मोजकेच शिपाई. पण जुने पूल मोडलेले.

आता हवा होता तरंगता पूल. म्हणजे काय, तर होड्या ओळीने नदीत नांगरायच्या, त्यांवर तुळया टाकायच्या आणि वर फळ्या अंथरायच्या. या होड्या गाड्यांवरून येणार होत्या. पण हुकूम उशिरा पोहोचला, रस्त्यात चिखल झाला. होड्या आल्या आठवड्याने! आघाडीचे सरदार समनर म्हणत होते, उतारावरून पलीकडे जाऊ द्या. बर्नसाइड नको म्हणाले. पावसाने नदी फुगली तर पलीकडची माणसे एकटी सापडतील, ही त्यांची भीती काही खोटी नव्हती.

तेवढ्यात दक्षिणेचे सेनापती ली यांची फौज गावामागच्या टेकड्यांवर येऊन बसली. बेत मात्र तोच राहिला. ११ डिसेंबरला पूल बांधणाऱ्यांवर घराघरांतून गोळ्या सुटू लागल्या. शेवटी शिपाई पुलाच्याच होड्या वल्हवत पलीकडे गेले आणि त्यांनी काठ घेतला. १३ तारखेला टेकडीखालच्या दगडी गडग्यावर हल्ल्यामागून हल्ले झाले. गडग्यापर्यंत एकही तुकडी पोहोचली नाही. उत्तरेचे बारा हजारांवर लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. दक्षिणेचे सुमारे पाच हजार. १५ तारखेच्या रात्री फौज मुकाट्याने नदी ओलांडून परतली.

दोष नुसता होड्यांचा का? बेत आखला तेव्हा पलीकडचा काठ मोकळा होता. अमलात आणला तेव्हा तो भरलेला होता. उशीर कोणालाही होतो. पण उशीर झाल्यावर बेत पुन्हा तपासायचा असतो. तो तपासला नाही, आणि त्याची किंमत मोजली ती शिपायांनी.