मत्स्यालयातील रोपांना दिवा कोणता?

काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस काही नवी नाही. अलीकडे मात्र त्या पेटीत प्लास्टिकच्या झाडांऐवजी जिवंत पाणवनस्पती लावण्याकडे लोकांचा ओढा दिसतो. ही गोष्ट चांगलीच आहे. पण होतं काय, की रोपे लावल्यावर तीन-चार आठवड्यांत काचेवर हिरवा थर चढतो, पाने शेवाळाने माखतात आणि हौस तिथेच मावळते. अशा वेळी माशांना किंवा पाण्याला दोष देण्याआधी डोक्यावरच्या दिव्याकडे पाहावे.

आपण दिवा लावतो तो मासे दिसावेत म्हणून. रोपाच्या लेखी मात्र उजेड म्हणजे अन्न शिजवण्याचा जाळ. १७७९ साली यान इंगेनहाउस या डच वैद्याने पाण्यात बुडवलेल्या पानांवर प्रयोग करून हे दाखवून दिले. ऊन असले की पानांवर प्राणवायूचे बुडबुडे धरत, अंधारात ते थांबत. पुढे १८८२ मध्ये एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले, की प्राणवायू तांबड्या आणि निळ्या किरणांत अधिक निघतो. आता गंमत पाहा! त्याचा हा प्रयोग होता शेवाळावरचा. म्हणजे जो उजेड रोपाला मानवतो, तोच शेवाळालाही मानवतो. तेव्हा खास रंगाचा महागडा दिवा आणून शेवाळ हटेल, ही आशा सोडून द्यावी.

मग रोपाची सरशी व्हावी कशी? रोपाला उजेडाबरोबर कर्बवायू आणि खतही लागते. चुलीतला जाळ वाढवला म्हणून परातीतले पीठ काही वाढत नाही. पाण्यात कर्बवायू बेताचाच असेल, तर जादा उजेड रोपाच्या उपयोगी पडत नाही. त्याचा फायदा उठवते ते शेवाळ. म्हणून दिवा निवडताना ‘जास्तीत जास्त किती’ असे न विचारता ‘पुरेसा किती’ असे विचारावे.

आता थोडा हिशेब करू. वॅट हे खर्च होणाऱ्या विजेचे माप. उजेडाचे माप लुमेन. ट्यूबलाइटच्या काळातला वॅटचा ठोकताळा एलईडीला लागू पडत नाही. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन अशा संथ वाढणाऱ्या रोपांना दर लिटरमागे १० ते २० लुमेन पुरतात. यांपैकी क्रिप्टोकोरीनच्या काही जाती आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही आढळतात. भराभर वाढणाऱ्या देठांच्या रोपांना २० ते ४० लुमेन लागतात. त्यापुढे गेलात, तर कर्बवायूचे नळकांडे जोडल्याशिवाय सहसा निभाव लागत नाही.

समजा, पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. तीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते. वाळू-दगड वजा जाता साधारण ४५ लिटर उरते. लिटरमागे २० प्रमाणे ९०० लुमेन झाले. एलईडी दर वॅटमागे सुमारे १०० लुमेन देतो, म्हणजे ९-१० वॅटचा दिवा झाला. घरातल्या साध्या बल्बाएवढाच! खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेला पांढरा उजेड रोपांना चालतो आणि आपल्या डोळ्यांनाही बरा वाटतो. पेटी याहून उंच असेल तर तळापर्यंत उजेड कमी पोचतो, हे ध्यानात ठेवावे.

दिव्याइतकेच महत्त्व तासांना आहे. आरंभी रोज ६ तास, पुढे फार तर ८. आठवण राहत नसेल तर टायमर बसवावा. पेटी उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. उन्हाला ना तासांचा हिशेब, ना जोराचा, आणि थोडे पाणी चटकन तापते. आणखी एक, दिव्याची वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगात न जाता खाली टपकेल. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करावे, हे सांगायला नकोच.

यानंतर महिनाभर नव्या पानावर नजर ठेवावी. देठ लांबट आणि पाने विरळ येऊ लागली, तर अर्धा तास वाढवावा. पुसलेली काच दोन दिवसांत पुन्हा हिरवी झाली, तर तास कमी करावेत. दुकानदार काहीही सांगो, शेवटचा शब्द त्या पानाचा!