विलिस जीपचीं जुनीं व नवीं इंजिनें कशीं ओळखावीं

जुनी जीप किंवा तिचें सुटें इंजिन विकत घेण्याचा प्रसंग कित्येक शेतकरी बंधूंवर येतो. विकणारा "विलिसचें पेट्रोल इंजिन" एवढेंच सांगतो. परंतु ह्या एका नांवाखालीं तीन निरनिराळे प्रकार मोडतात, आणि एकाचे कित्येक भाग दुसऱ्यास लागत नाहींत. इंजिन खोलून झाल्यावर, मिस्त्रीस मजुरी देऊन झाल्यावर ही गोष्ट कळली, तर पैसा जातो आणि ऐन हंगामांत गाडी उभी राहते. यास्तव पारख अगोदर करावी.

पहिला भेद वरून पाहतांच कळतो. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील विलिस-ओव्हरलँड कंपनीनें जी लष्करी जीप बनविली, तींत "गो-डेव्हिल" नांवाचें ६० अश्वशक्तीचें इंजिन होतें. सिलिंडर चार, व्यास ३ १/८ इंच व स्ट्रोक ४ ३/८ इंच. त्यांत आंत घेणाऱ्या व बाहेर सोडणाऱ्या दोन्ही व्हॉल्व्हची जागा ब्लॉकच्या कुशींत आहे. त्यामुळें हेड म्हणजे केवळ एक चपटें लोखंडी झांकण असून त्यावर चारही प्लग उभे दिसतात.

१९५० सालीं "हरिकेन" इंजिन निघालें. व्यास व स्ट्रोक पूर्वींचेच ठेविले. मात्र आंत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्यें नेऊन मोठे केले. मिश्रण मोकळेपणीं आंत येऊं लागलें व शक्ति सुमारें ७२ झाली. ह्याचें हेड उंच असतें, त्यावर पत्र्याचें झांकण असतें आणि कार्बुरेटर हेडवरच बसतो. ही उंची मावावी म्हणून १९५३ च्या सीजे-३बी जीपचें बॉनेट उंच करावें लागलें. हीच जीप पुढें मुंबईच्या महिंद्र कंपनीनें परवान्यानें आपल्या देशांत बनविली. तथापि केवळ बॉनेटवर भरंवसा ठेवूं नये. गाडी एक व आंतील इंजिन दुसरें, असें पुष्कळदां आढळतें.

दुसरा भेद आंतला आहे, आणि फसगत बहुधा येथेंच होते. चपट्या हेडच्या इंजिनांतही दोन प्रकार आहेत. युद्धकाळच्या इंजिनांत, तसेंच युद्धानंतरच्या सीजे-२ए च्या आरंभींच्या नगांत, कॅम शाफ्ट चेननें फिरतो. पुढील नगांत तो दातेरी चाकांनीं फिरतो. बाहेरून दोन्ही सारखींच दिसतात. पण चेनवरील कॅम क्रँकच्याच दिशेनें फिरतो, तर दातेरी चाकावरील उलट दिशेनें. ऑइल पंप कॅमवरूनच चालतो, म्हणून त्याच्या चाकाच्या दांत्यांचा तिरपेपणा दोहोंत विरुद्ध ठेवावा लागला. सबब एकाचा कॅम किंवा ऑइल पंप दुसऱ्यांत चालत नाहीं. आणि तेलाचा दाब नाहीं तेथें बेअरिंगें टिकत नाहींत.

ह्याची परीक्षा सोपी आहे. सुट्या इंजिनाचे प्लग काढावे, खालचें तेलाचें पात्र उतरावें आणि क्रँक हातानें हळू फिरवून कॅमकडे पाहावें. दोन्ही एकाच दिशेनें फिरल्यास चेन, उलट फिरल्यास दातेरी चाकें. त्याच वेळीं बेअरिंगांची झीजही पाहून घ्यावी.

राहिला नंबर. तो ब्लॉकच्या पुढील अंगास, पाण्याच्या पंपाजवळील उंचवट्यावर ठोकलेला असतो. आरंभीं एमबी असल्यास लष्करी, जे असल्यास सीजे-२ए, ३जे असल्यास सीजे-३ए व ४जे असल्यास सीजे-३बी समजावें. परंतु उताऱ्यावर नांव एकाचें व वहिवाट दुसऱ्याची, हा अनुभव जमिनींत आपणांस आहेच. नंबर हा उतारा होय. हेड व कॅम ही वहिवाट होय. दोहोंचा मेळ बसेल तरच विसार द्यावा. भाग मागवितांना हेड चपटें कीं उंच, आणि चपटें असल्यास चेन कीं दातेरी चाकें, एवढें दुकानदारास लिहून द्यावें, अशी आमची सूचना आहे.